शाळेतच भरवा आंतरराष्ट्रीय युवा परिषद: कृष्णाकाठच्या शिक्षकांसाठी आखणी

ही आखणी नववी किंवा अकरावीच्या एका वर्गासाठी आहे. तयारीला आठ शनिवार आणि परिषदेला दोन दिवस लागतात. विद्यार्थी निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी होतात, संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या धर्तीवर चर्चा करतात आणि शेवटी ठराव मंजूर करतात किंवा पाडतात. शहरातल्या इंग्रजी शाळांत हा प्रकार ‘एमयूएन’ (मॉडेल युनायटेड नेशन्स) म्हणून रुळला आहे. मराठी माध्यमात तो जमायचा नाही, ही समजूत मात्र चुकीची आहे. महासभेच्या अधिकृत भाषा सहा असल्या तरी प्रतिनिधीला दुसऱ्या भाषेत बोलण्याची मुभा आहे. दुभाष्याची सोय तेवढी त्याने स्वतः करायची. शिवाय सूचक, अनुमोदक, ठराव, दुरुस्ती, तटस्थ हे शब्द ग्रामसभेला आणि सोसायटीच्या वार्षिक सभेला जाणाऱ्या घरांतली मुले लहानपणापासून ऐकतात.

हेतू एकच धरावा. जे म्हणणे आपले नाही, ते ज्यांचे आहे त्यांनाही पटेल इतक्या प्रामाणिकपणे मुलांना मांडता आले पाहिजे. झेंडे, टाय, बॅज ही सजावट आहे. वेळ उरला तर करावी.

वेळ आणि माणसे

दहावी-बारावीचे वर्ग घेऊ नयेत, पूर्वपरीक्षा आडव्या येतात. गणपती विसर्जनानंतर सुरुवात करावी. गणपती लवकर आटोपले तर सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी धरूनही आठ शनिवार नोव्हेंबरअखेर बसतात. परिषद डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होण्याआधी उरकावी. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे सुटल्यावर दीड तास मिळतो. तेवढा पुरतो.

बारा देश, प्रत्येकी दोन प्रतिनिधी, म्हणजे चोवीस मुले. त्याशिवाय अध्यक्ष, उपाध्यक्ष, नोंदी ठेवणारा, घड्याळ सांभाळणारा, चिठ्ठ्या पोचवणारे दोघे आणि बातम्या लिहिणारे तिघे. एकूण तेहतीस. पट साठच्या वर असेल तर दोन समित्या कराव्यात. एका समितीत चाळीसजण कोंबले की निम्मी मुले नुसती बसून राहतात. अध्यक्षपद शिक्षकाने घेऊ नये. सर खुर्चीवर असले की मुले समोरच्या देशाशी न बोलता सरांशी बोलतात.

विषय: वाहत्या पाण्याची वाटणी

पहिल्या वर्षी सीमा ओलांडणाऱ्या नद्या हाच विषय घ्यावा. कारण आपल्या दारात आहे. सांगलीचा माणूस कोयना आणि वारणा धरणांच्या खाली राहतो आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या वर. त्यामुळे वरच्याने पाणी सोडले की काय होते आणि खालच्याने अडवले असे वाटले की मनात काय येते, हे दोन्ही इथल्या मुलांनी घरात ऐकलेले असते. त्याच जिल्ह्यात जतच्या पूर्व भागात टँकरची वाट पाहणारी गावे आहेत. एवढी सामग्री पुस्तकात मिळत नाही.

पहिल्या शनिवारी जगाचा नकाशा काढूच नये. कृष्णेचा काढावा: महाबळेश्वर, कऱ्हाडचा प्रीतिसंगम, हरिपूरचा वारणा संगम, नरसोबावाडी, मग कर्नाटक, तेलंगणा, आंध्र आणि बंगालचा उपसागर. प्रत्येकाने आपले गाव त्यावर मांडावे. सोबत काही आकडे फळ्यावर हवेत. कोयनेची साठवण सुमारे १०५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), अलमट्टीची ५१९.६ मीटर पातळीला सुमारे १२३ टीएमसी. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि एकत्रित आंध्रला ८०० टीएमसी पाणी दिले. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते.

दुसऱ्या शनिवारी चार गट पाडावेत: सांगलीतला पूरग्रस्त, जतचा कोरडवाहू शेतकरी, अलमट्टीवर अवलंबून असलेला बागलकोटचा शेतकरी, कृष्णेच्या मुखाजवळचा भातशेतकरी. प्रत्येक गटाला पाच मिनिटे बोलू द्यावे. मग गट फिरवावेत आणि पुन्हा पाच मिनिटे द्यावीत. दुसऱ्या फेरीत गडबड होते. बागलकोटच्या बाजूने बोलणारी मुले हसत, टोमणे मारत बोलतात. तिथेच थांबवून नियम सांगावा: ज्याची बाजू मांडतोय तो समोर बसला असता तर मान डोलावेल, असे बोलायचे. हा नियम पुढच्या सगळ्या परिषदेला लागू आहे.

एक खबरदारी घ्यावी. २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुरात घर गेलेल्या, माणूस गमावलेल्या घरातली मुले वर्गात असू शकतात, विशेषतः पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांत. आधी बाजूला घेऊन विचारावे. ‘तुझा अनुभव सांग’ असे वर्गासमोर कधीही म्हणू नये.

देशांचे वाटप

बारा देश असे: इथिओपिया, सुदान, इजिप्त (नाईल), तुर्की, सीरिया, इराक (युफ्रेटिस-टायग्रिस), चीन, भारत, बांगलादेश (ब्रह्मपुत्रा), लाओस, व्हिएतनाम (मेकाँग), आणि नेदरलँड्स (ऱ्हाइन). प्रत्येक खोऱ्यात वरचा आणि खालचा देश आहे. नेदरलँड्स एकटा आहे, पण त्याचे काम वेगळे आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली. विषारी पाणी ऱ्हाइनमध्ये उतरले आणि खालच्या देशांपर्यंत मासे मेले. त्यानंतर ऱ्हाइनकाठच्या देशांनी नदी सुधारण्याचा एकत्र कार्यक्रम हाती घेतला. भांडणातून व्यवस्था कशी उभी राहते, हे परिषदेत सांगणारा कुणीतरी हवा.

वाटप चिठ्ठ्या टाकून करावे, अपवाद भारताचा. ही जागा सर्वांत अवघड आहे. भारत चीनच्या खाली आहे आणि बांगलादेशाच्या वर, म्हणजे सांगलीसारखाच मध्ये अडकलेला. पण मुले ती देशभक्तिपर भाषणासाठी वापरतात. वर्गातली सर्वांत शांत आणि वाचणारी जोडी तिथे बसवावी.

जोड्या लावताना एक पट्टीचा बोलणारा आणि एक अबोल अशी सरधोपट विभागणी टाळावी. बोलणारा दोन दिवस बोलतो आणि दुसरा वही धरून बसतो. त्यावर उपाय म्हणजे पहिले भाषण एकाने आणि ठरावावरचे दुसऱ्याने करायचे, हे आधीच लिहून घेणे.

देशाची फाईल आणि भूमिकापत्र

तिसरा ते पाचवा शनिवार अभ्यासाचा. प्रत्येक जोडीने साध्या फाईलमध्ये सात प्रश्नांची उत्तरे गोळा करायची: नदी कुठून येते, कुठे जाते; शेती, वीज, पिणे यांपैकी तिच्यावर काय चालते; मोठी धरणे कोणती; शेजाऱ्याशी करार आहे का, कोणत्या सालचा; त्या करारावर कोण नाराज; १९९७ च्या जलप्रवाह कराराच्या वेळी मत काय दिले; आणि कोणत्या गोष्टीवर हा देश कधीच मागे हटणार नाही.

सहाव्या प्रश्नाचे उत्तर मुलांना चक्रावून टाकते. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत २१ मे १९९७ रोजी आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांचा करार १०३ विरुद्ध ३ मतांनी संमत झाला. २७ देश तटस्थ राहिले. विरोध करणारे तिघे म्हणजे चीन, तुर्की आणि बुरुंडी. भारत तटस्थ. इजिप्त आणि इथिओपिया, म्हणजे एकाच नदीचे खालचे आणि वरचे टोक, दोघेही तटस्थ! यावर अर्धा तास खर्च करावा. करारात दोन तत्त्वे शेजारी शेजारी आहेत: पाण्याचा न्याय्य आणि वाजवी वापर, आणि दुसऱ्या देशाला मोठी हानी न करणे. वरच्या देशाला पहिले तत्त्व आवडते, खालच्याला दुसरे. दोन्ही एकत्र आली की दोघेही साशंक होतात. मुलांना हे उमगले की पुढची चर्चा आपोआप वरच्या इयत्तेत जाते.

नाईलच्या त्रिकुटासाठी दोन गोष्टी आधीच हाती द्याव्यात. १९५९ चा करार फक्त इजिप्त आणि सुदान यांच्यात झाला. त्यात इजिप्तला वर्षाला ५५.५ आणि सुदानला १८.५ अब्ज घनमीटर पाणी ठरले. ज्या इथिओपियातून निळी नाईल येते, तो करारात नव्हताच. त्याने २०११ मध्ये बांधायला घेतलेल्या महाधरणाचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. त्याची साठवण ७४ अब्ज घनमीटर आहे. मुलांना हा आकडा परका वाटतो, म्हणून टीएमसीत बदलायला सांगावे: १ अब्ज घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ टीएमसी. उत्तर २,६०० च्या वर येते, जवळपास पंचवीस कोयना. मग इजिप्तच्या धास्तीवर कुणी हसत नाही.

तुर्की, सीरिया, इराक यांच्यासाठीही तसेच. १९८७ मध्ये तुर्कीने सीरियाच्या सीमेवर युफ्रेटिसचे सरासरी ५०० घनमीटर प्रतिसेकंद पाणी सोडण्याचे मान्य केले. जानेवारी १९९० मध्ये अतातुर्क धरण भरताना मात्र प्रवाह जवळजवळ महिनाभर अडवला. लाओसला धरणांची वीज विकायची आहे, तर व्हिएतनामच्या त्रिभुज प्रदेशाला गाळ आणि गोडे पाणी हवे आहे. एवढे सूत्र दिले की त्या जोड्या पुढचे स्वतः शोधतात.

सहाव्या शनिवारी भूमिकापत्र लिहून घ्यावे. एक पान, २५० ते ३०० शब्द, तीन परिच्छेद: आमची अडचण, आम्ही आजवर काय केले, आम्हाला ठरावात काय हवे. मोबाइलवरून उतरवलेला मजकूर ओळखण्याची सोपी रीत म्हणजे वही मिटून दोन वाक्यांत सांगायला लावणे. ज्याला सांगता येत नाही, त्याने पुन्हा लिहायचे. भूमिकापत्रात ‘मी’ आणि ‘आम्हा सांगलीकरांना’ हे शब्द चालणार नाहीत. ‘इराकचे म्हणणे असे’ ही भाषा ठेवावी.

नियम, तालीम आणि वक्तृत्वाचा रोग

सातव्या शनिवारी नियमांची तालीम क्षुल्लक विषयावर घ्यावी. सहल कुठे न्यायची, हा विषय उत्तम. विषय सोपा असला की लक्ष पद्धतीकडे राहते.

हजेरीला प्रत्येक देश ‘हजर’ किंवा ‘हजर आणि मतदान करणार’ असे म्हणतो. दुसरे म्हटले की अंतिम मतदानात तटस्थ राहता येत नाही. मग वक्त्यांची यादी उघडते आणि प्रत्येक देशाला ९० सेकंद मिळतात. मराठीत ते साधारण १५० शब्द होतात. बारा देशांना उठण्या-बसण्यासकट २५ मिनिटे लागतात. त्यानंतर कुणीही सूचना मांडू शकतो: ‘पूर्वसूचनेच्या मुद्द्यावर दहा मिनिटांची चर्चा, प्रत्येकाला ४५ सेकंद.’ अध्यक्ष देशांच्या नावाच्या पाट्या वर करायला सांगून बहुमत पाहतो. ही विषयबद्ध चर्चा. तिसरा प्रकार मोकळ्या चर्चेचा. पंधरा मिनिटे सगळे उठून हवे त्याच्याशी बोलतात, गट जमवतात, मसुदा लिहितात. परिषदेचे खरे काम इथेच होते.

मोकळ्या चर्चेत दोन गोष्टी बिघडतात. मुलगे एका कोपऱ्यात आणि मुली दुसऱ्या कोपऱ्यात जमतात, किंवा एकाच गावातून एसटीने येणारे एकत्र बसतात. देशाचे हित मागे पडते. म्हणून पहिल्या मोकळ्या चर्चेत प्रत्येक जोडीने आपल्या खोऱ्याबाहेरच्या किमान दोन देशांशी बोलून त्यांची एकेक मागणी लिहून आणायची, अशी सक्ती करावी. दुसरी अडचण अबोल मुलांची. त्यांच्यासाठी चिठ्ठीचा मार्ग खुला ठेवावा. चिठ्ठीवर पाठवणारा आणि घेणारा देश लिहायचा; निरोप्याने ती वाचायची नाही. भाषणात मागे राहणारी कित्येक मुले चिठ्ठ्यांवर दोन गट जोडून दाखवतात.

आता वक्तृत्व स्पर्धा गाजवलेल्या मुलांबद्दल. ती ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून सुरू होतात, कवितेच्या ओळी टाकतात, हात उंचावतात आणि ९० सेकंद संपतात तरी मागणी काय ते कळत नाही. त्यांचा दोष नाही, त्यांना तसेच शिकवलेले असते. त्यांना एकच अट घालावी: पहिल्या वीस सेकंदांत मागणी आली पाहिजे. टाळ्यांवर बंदी ठेवावी. टाळी पडली की वक्ता प्रेक्षकांकडे वळतो, आणि त्याला पटवायचे असते समोरच्या देशाला.

ठरावाचा मसुदा

आठवा शनिवार पूर्णपणे यासाठी द्यावा. मसुद्याला दोन भाग असतात. आधी पार्श्वभूमी: ‘लक्षात घेऊन’, ‘चिंता व्यक्त करून’, ‘आठवण करून देत’. मग कलमे: ‘शिफारस करते’, ‘आवाहन करते’, ‘विनंती करते’. महासभेचा ठराव अशा विषयांत देशांवर बंधनकारक नसतो, त्यामुळे ‘आदेश देते’ लिहिता येत नाही. तो अधिकार सुरक्षा परिषदेचा. पहिल्याच मसुद्यात हमखास ‘इथिओपियाने धरण पाडावे’ असे कलम येते. ते खोडू नये. ‘यावर इथिओपिया सही करेल का?’ एवढेच विचारावे.

प्रत्येक कलमाला चार प्रश्न लावावेत: कोणी करायचे, काय करायचे, केव्हापर्यंत, पैसे कुणाचे. ‘सर्व देशांनी पाण्याची बचत करावी’ हे कलम चारही प्रश्नांत नापास होते, तरी मुलांना तेच सर्वांत गोड वाटते. उलट ‘वरच्या देशाने धरणाचा विसर्ग वाढवण्याआधी किमान ४८ तास खालच्या देशाला लेखी कळवावे, आणि दर तासाची पातळी दोघांच्या अभियंत्यांना एकाच वेळी दिसावी’ हे कलम टिकते. असे कलम सांगली-मिरजेतली मुले पटकन लिहितात. आयर्विनची पातळी तासातासाला मोबाइलवर पाहण्यात त्यांच्या घरातल्या रात्री गेलेल्या असतात.

मसुदा चर्चेला येण्यासाठी दोन सूचक आणि तीन अनुमोदक देश हवेत. अनुमोदकाला मसुदा मान्यच असला पाहिजे असे नाही, तो चर्चेला यावा एवढेच त्याचे म्हणणे असते. हे दोनदा सांगावे लागते. सगळ्या सूचकांना मान्य असलेली दुरुस्ती थेट जोडली जाते, नाहीतर तिच्यावर वेगळे मतदान होते.

परिषदेचे दोन दिवस

सामान थोडे लागते. जाड पुठ्ठ्याच्या बारा पाट्या (जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठे चालतात), टेबलघंटा, भिंतीवरचे घड्याळ, चिठ्ठ्यांसाठी अर्धा रीम कागद, फळा आणि मसुद्यांच्या प्रती. बाके घोड्याच्या नालासारखी लावावीत, म्हणजे देश एकमेकांना दिसतात. रांगेत लावली तर पुढच्या बाकांचे राज्य होते.

उद्घाटन वीस मिनिटांत संपवावे. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, शाल-श्रीफळ आणि तीन मनोगते झाली की अकरा वाजतात आणि पहिले सत्र जेवणाखाली जाते. पाहुण्यांना समारोपाला बोलवावे आणि बोलण्याऐवजी मुलांना प्रश्न विचारायची विनंती करावी. बहुतेकांना ते आवडते.

पहिल्या दिवशी सकाळी हजेरी आणि प्रारंभीची भाषणे, मग दोन विषयबद्ध चर्चा. दुपारी दोन मोकळ्या चर्चा. चारपर्यंत किमान दोन कच्चे मसुदे अध्यक्षांकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी मसुदे वाचन आणि दुरुस्त्या, दुपारी मतदान. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास एक काल्पनिक तातडीची बातमी वाटावी, उदाहरणार्थ, ‘वरच्या देशात अतिवृष्टी, धरण ९८ टक्के भरले, सहा तासांत निर्णय हवा.’ बातमी काल्पनिक आहे हे कागदावर ठळक लिहावे, नाहीतर संध्याकाळी ती गावच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते.

मतदानाच्या वेळी दार बंद, चिठ्ठ्या बंद. ‘बाजूने’, ‘विरोधात’, ‘तटस्थ’ अशी पाट्या वर करून मोजणी करायची. हिशेबात एक चूक नेहमी होते. बारापैकी पाच बाजूने, चार विरोधात, तीन तटस्थ असतील तर साध्या बहुमताने ठराव मंजूर होतो, कारण तटस्थ मते मोजणीत येत नाहीत. मुले मात्र ‘बारातले पाचच’ म्हणून तो पाडतात. दोन-तृतीयांश बहुमत लागणारा विषय असता तर नऊपैकी सहा मते लागली असती आणि हाच ठराव पडला असता. ही दोन्ही उदाहरणे फळ्यावर लिहून ठेवावीत.

ठराव पडला तर परिषद फसली असे समजू नये. सात गुळगुळीत कलमांचा ठराव एकमताने मंजूर झाला तर उलट शंका घ्यावी. कुणीतरी आपल्या देशाची बाजू सोडलेली असते.

‘सर्वोत्तम प्रतिनिधी’ हे बक्षीस ठेवू नये. ते ठेवले की मोकळ्या चर्चेत मुले कागद लपवतात. त्याऐवजी प्रत्येक देशाने निनावी चिठ्ठीवर लिहावे: ‘आमच्याशी असहमत असूनही आमचे नीट ऐकणारा देश कोणता?’ हा निकाल जाहीर करावा.

परदेशातल्या वर्गाशी तासभर

जमल्यास एक सत्र दुसऱ्या देशातल्या शाळेबरोबर व्हिडिओवर घ्यावे. ओळख माजी विद्यार्थ्यांमार्फत सहज निघते. वेळ आधी जुळवावी: केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे, जर्मनी हिवाळ्यात साडेचार तास मागे, जपान साडेतीन तास पुढे. डिसेंबरात आपली दुपारची दीडची वेळ जर्मनीत सकाळी नऊ होते, म्हणून ती सोयीची.

सत्र चाळीस मिनिटांचे, प्रत्येक बाजूने पाच प्रश्न, तेही आठवडाभर आधी पाठवलेले. दुभाषी जोडीतला एक मराठीतून इंग्रजीत आणि दुसरा उलट सांगतो. बोलणाऱ्याने दोन वाक्यांनंतर थांबायचे. विटा-खानापूर-आटपाडी भागात गलाई (सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) व्यवसायामुळे परराज्यात वाढून परतलेली मुले असतात. त्यांना दोन भाषांत ये-जा करण्याची सवय असते, त्यांना हे काम आधी विचारावे. वीज आणि नेट दोन्ही जातील असे धरून तीन-तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रित व्हिडिओ आधीच बदलून घ्यावेत. फोटो-व्हिडिओसाठी पालकांची लेखी संमती हवी.

पुढच्या वर्षी आणि बाहेरच्या परिषदा

पाण्याचा विषय मुरला की दुसऱ्या वर्षी ऊसतोड मजुरांकडून स्थलांतर आणि निर्वासितांकडे जाता येते, किंवा तासगावच्या द्राक्षांवरच्या औषध-अंशांच्या मर्यादेवरून जागतिक व्यापाराकडे. साताऱ्याच्या शाळांना कास पठार आहेच; २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत ते जागतिक वारसा यादीत गेले. वारसा जपायचा आणि तिथल्या गावांनी जगायचे कसे, हा वाद पुरेसा मोठा आहे.

काही मुलांना बाहेरच्या परिषदांना जावेसे वाटेल. या परिषदा बहुतेक वेळा कॉलेजे किंवा खासगी संस्था भरवतात. नावात किंवा बोधचिन्हात संयुक्त राष्ट्रांचा भास असला म्हणून त्या संयुक्त राष्ट्रांच्या होत नाहीत. अर्ज न करताच ‘आपली निवड झाली आहे’ असा ईमेल आला तर तिथेच थांबावे. पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी मागाव्यात: गेल्या वर्षीचा विषय-मार्गदर्शक, नियमावली, मंजूर झालेला एखादा ठराव, आणि शुल्कात राहणे-जेवण-विमा यांपैकी काय येते ते. पहिल्या तीन मिळत नसतील तर ती सहल आहे, परिषद नव्हे. परदेशी जायचे असेल तर अठरा वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट सहसा पाच वर्षे किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालतो (पंधरा वर्षांवरील मुलांना दहा वर्षांचाही घेता येतो), आणि अर्जात सहसा आई-वडील दोघांची संमती लागते. व्हिसासकट किमान चार महिने हाताशी ठेवावेत. तिथे चर्चा इंग्रजीत होईल. शाळेतल्या परिषदेचे स्वतःचे भूमिकापत्र इंग्रजीत आणून त्यावर तीन शनिवार तालीम घेतली की बोलण्याची अडखळ बरीच कमी होते.